लो सेटिंग

सात वर्षं झाली त्या कार्डाला.
दोन पंख्यांपैकी एक गेल्या मे महिन्यात गेला,
त्या जागी कॅबिनेटचा पंखा बसवला, झिपटायने आवळून.
तेव्हापासून गेम सुरू केला
की खोलीत गिरणी लागते.
खालच्या मजल्यावरच्या पाठारेकाकूंनी
जिन्यात थांबवून विचारलंसुद्धा,
"रात्री काय दळता हो?"

तापकीर गल्लीत मुथाशेठनी कार्ड हातात घेतलं,
उलटं केलं, फुंकर मारली,
रद्दीवाला गठ्ठा उचलून बघतो तसं.
"याचे चारशे. नवं बावीसपासून पुढे."
पुढचा हजार ते उच्चारत नाहीत.
माझ्याकडे सात हजार आठशे होते,
फ्लेक्सच्या दुकानातल्या ओव्हरटाइमचे:
कुणाचे वाढदिवस, कुणाची निवड,
रात्री दोनपर्यंत छापलेले
माणसाहून मोठे हसरे चेहरे.
चारशे नको म्हणालो. कार्ड परत पिशवीत.

शेवटी सहकारनगरात मिळालं, वापरलेलंच.
शर्वाणी देवचके. आर्किटेक्चर नुकतंच संपलेलं.
"गेम नाही खेळले मी यावर," ती म्हणाली,
"एक ग्रंथालय बांधलं फक्त.
कुठल्या खिडकीतून किती ऊन येतं
ते काढायला रात्र रात्र तापायचं बिचारं."
ती आठ म्हणाली, मी सात,
साडेसातला बबलरॅप फुकट.
फाटकापर्यंत आली, म्हणाली,
"डिकीत नका ठेवू. मांडीवर न्या."
स्कूटर मीच चालवत होतो, हे तिला सांगितलं नाही.

धायरीला येऊन बघतो
तर आठ पिनांची वायरच नाही.
माझ्या पॉवर सप्लायला सहाच पिना.
खिशात तीनशे, पगाराला तेवीस दिवस.

तेवीस दिवस ते तांदळाच्या डब्याशेजारी बसून राहिलं,
पाहुण्यासारखं, चहासुद्धा न मागता.
आणि मी जुन्याच्याच मागे लागलो.
पेस्ट बदलली, रंगाच्या ब्रशने पाती झाडली,
गिरणीचा आवाज मिक्सरवर आला.
इतकी वर्षं हे का केलं नाही,
हा प्रश्न मी त्याच ब्रशने बाजूला झाडला.

मग पगार. मग वायर. मग रात्री दहा,
सासवडला नौशादच्या मेडिकलचं शटर पडायची वेळ.
चार वर्षं आम्ही दोघं
त्या एकाच बेटावर मासे धरतोय, झोपडी बांधतोय.
पश्चिमेला कायम धुकं.
पत्ता विचारला तर आम्ही सांगायचो:
धुक्याच्या अलीकडे.

त्या रात्री धुकं नव्हतं.
तिथे डोंगर होता.
चार वर्षं होता, तिथेच,
आमच्या परसात, पायऱ्यांसकट.

"नौशाद, मागे बघ. डोंगर."
"कुठला डोंगर?"
"झोपडीच्या मागे. पायऱ्या आहेत."
त्याच्या माइकमधून थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
"भाऊ, माझ्याकडे धुकंच आहे."

मी चढलो. तो मागून येत राहिला
माझ्या पाठीवर नजर ठेवून.
डावीकडे, म्हणायचो. आता जपून, कडा आहे.
दोनदा पडला. दोनदा हसला.
वर पोचल्यावर म्हणाला, "सांग आता, काय दिसतंय?"
आणि मला, दिवसभर दुसऱ्यांची
नावं मोठ्या अक्षरांत छापणाऱ्याला,
समुद्र या शब्दापुढे काही सुचेना.

रविवारी सकाळची सासवडची बस.
जुनं कार्ड शर्वाणीच्या बबलरॅपमध्ये,
या वेळी खरंच मांडीवर.
नौशादचं कार्ड याच्याहून दोन वर्षांनी म्हातारं.
याने त्याला डोंगर दिसणार नाही,
आम्हा दोघांना माहीत आहे.
पण त्याच्याकडे जमीन नुसती हिरवी आहे, सपाट.
गवत तरी उगवेल.
वारा आला की हलेल.

दिवे घाटात बस हळू झाली.
कंडक्टरने काचेवर हात फिरवला, म्हणाला,
"आज काय दिसत नाय पुढचं."